सरकारकडेच असलेले कागद पूरग्रस्ताकडे का मागता?




सप्टेंबर 2025मध्ये सीना नदीचं पाणी आमच्या शिवारात शिरलं. पाणी ओसरलं, पंचनामे झाले, मुंबईत पॅकेज जाहीर झालं आणि आमचं गाव सेवा केंद्राच्या पायरीवर येऊन बसलं. मी निवृत्त शिक्षक. लोक कागदांच्या पिशव्या घेऊन माझ्याकडे येतात, त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं आहे.

शेजारच्या काकूंचं सांगतो. यजमान वारलेले, वारस नोंद वेळेत झालेली. मदतीच्या यादीत नाव आलं, विशिष्ट क्रमांक मिळाला. ई-केवायसीसाठी यंत्रावर अंगठा ठेवला, तर जुळेना. जन्मभर खुरपं धरून आणि वर महिनाभर गाळ उपसून अंगठ्यावरच्या रेषाच पुसल्या गेल्या होत्या. काकू पदराला अंगठा पुसायच्या, पुन्हा दाबायच्या. केंद्रातल्या पोरानं बोटाला पाणी लावून पाहिलं, दुसऱ्या हाताची बोटं घेऊन पाहिली. तीन खेपा अशा गेल्या, चौथ्या खेपेला सर्व्हर बंद. त्यांची जमीन सव्वा एकर, म्हणजे अर्धा हेक्टर. कोरडवाहू पिकासाठी केंद्राच्या तेव्हाच्या निकषातला दर हेक्टरी 8,500 रुपये. म्हणजे 4,250 रुपयांसाठी चार दिवसांची मजुरी गेली.

काकूंनी असं काय सिद्ध करायचं होतं, जे सरकारला ठाऊक नाही? सातबारा आणि आठ-अ महसूल खात्याचेच. पिकाची नोंद ई-पीक पाहणीत आहे. बँक खात्यात पीएम किसानचा हप्ता बिनबोभाट येतो. हप्ता देताना जे खातं चालतं, ते पुरानंतर संशयास्पद कसं होतं? आमच्याच गावात एकाची दुभती म्हैस वाहून गेली. तेव्हाच्या निकषानुसार दुभत्या जनावराला 37,500 रुपये मिळत होते. त्याला मेलेल्या म्हशीचा फोटो मागितला. नदीनं नेलेल्या म्हशीचा फोटो कुठून आणायचा? तिच्या कानात सरकारी बिल्ला होता, त्यावरचा बारा आकडी नंबर सरकारी नोंदीत आहे. तो नंबर शोधून पाहायला कुणी तयार नव्हतं. सामाईक खातेदारांची तऱ्हा आणखी वेगळी: पुण्यात कामाला असलेल्या भावाचं संमतीपत्र येईपर्यंत पैसे अडकलेले.

अटी सैल केल्या तर बोगस लाभार्थी घुसतील, असं सांगितलं जातं. ही भीती खोटी नाही. पण जालना जिल्ह्यातला अतिवृष्टी अनुदानाचा घोटाळा 2025मध्ये उघडकीस आला, तेव्हा निलंबित झाले ते महसूल खात्यातलेच कर्मचारी. तिथे चोरी आतून झाली होती. रांगेतल्या बाईचा अंगठा पाचव्यांदा तपासून ती थांबली नसती. आधी पैसे द्या, नोंदी नंतर ताडून पाहा आणि खोटा निघेल त्याच्याकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करा.

शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना शासनानं या पुराच्या वेळी ई-केवायसीतून सूट दिली. चांगलं केलं. पण ती सूट त्या वेळच्या आदेशापुरती. पुढच्या पुरात नवा शासन निर्णय, नवी यादी, नव्या अटी. म्हणूनच कायदा हवा. 2015च्या लोकसेवा हक्क अधिनियमात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते, नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागतं, अपील करता येतं आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. दाखल्याला जी शिस्त लावता, ती बुडालेल्या पिकाच्या मदतीलाही लावा. हे अशक्य नाही. सर्वोच्च न्यायालयानं 30 जून 2021 रोजी आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 12वर बोट ठेवलं, त्यानंतर करोनात दगावलेल्यांच्या वारसांना 50,000 रुपये ठरले आणि अर्ज 30 दिवसांत निकाली काढण्याचं बंधन आलं. मग पुराच्या मदतीला अशी मुदत का नसावी?

मदतीच्या या नव्या कायद्यात एक गोष्ट ठळकपणे यावी: शासनाच्या कुठल्याही खात्याकडे असलेला कागद आपत्तीग्रस्ताकडे मागता येणार नाही. पंचनाम्याचा कागद हाच अर्ज समजावा. अंगठा जुळला नाही, तर पोलीस पाटील आणि सरपंच यांनी दिलेली ओळख ग्राह्य धरावी. आणि बटाईदाराचा विचार व्हावाच. बियाणं त्याचं, खत त्याचं, राबणारे हात त्याचे. पण सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून त्याच्या नावानं एक रुपयाही निघत नाही.

आमच्या गावच्या यादीत काही नावांपुढे नुसतं ‘प्रलंबित’ एवढंच लिहिलेलं आहे. कशासाठी, ते तलाठ्यालाही सांगता येत नाही. काकूंचं नाव त्यातच आहे. येत्या अधिवेशनात आमच्या भागातल्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून अशा कायद्याचं विधेयक मांडावं, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, सीनाकाठ, जि. सोलापूर