शाळेची बस आणि पहिला पाऊस

पुण्यांत बर्फ पडत नाहीं. १७ जानेवारी १९३५ रोजीं येथील पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. परंतु तेव्हांहि पुणेकरांना बर्फाचें दर्शन घडलें नाहीं. मग बर्फांतून शाळेची बस कशी चालवावी या प्रश्नाशीं आपला संबंध काय, असें कोणीहि विचारील. परंतु आज आपल्यांपैकीं अनेकांचीं नातवंडें टोरांटो, माँट्रियल अशा शहरांत शिकत आहेत, आणि तिकडील व्यवस्थेंत आपण घेण्यासारखें पुष्कळ आहे.

क्वेबेक प्रांतांत १ डिसेंबर ते १५ मार्च या काळांत घरगुती मोटारींस हिंवाळी टायर लावणें कायद्यानें सक्तीचें आहे. या टायरांचें रबर थंडींतहि मऊ राहतें व रस्ता धरून ठेवतें. कडक थंडींत डिझेल घट्ट होऊं लागतें, म्हणून त्या देशांत हिंवाळ्याचें डिझेल निराळें असतें. बसचें इंजिन रात्रभर विजेवर ऊबदार ठेवण्याचीहि सोय असते. कांहीं बसगाड्यांना तर चालकानें कळ दाबतांच चाकाखालीं येणाऱ्या सांखळ्या बसविलेल्या असतात. इतकें करूनहि वादळाचा रंग दिसला, तर ऑंटेरिओंत बस रद्द झाल्याचें पहाटेसच कळविण्यांत येतें. सर्व साधनें हाताशीं असतांनाहि "आज जाऊं नये" हें म्हणण्याची तयारी, हें त्या व्यवस्थेचें खरें मर्म आहे.

आपल्याकडे बर्फाची जागा पावसानें घेतली आहे. राज्यमंडळाच्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात, आणि पुण्यांत मोसमी पाऊसहि सामान्यतः त्याच सुमारास येतो. उन्हाळ्याच्या सुटींत बस उभी असते. उन्हानें तिच्या वायपरचें रबर कडक होतें, बॅटरी उतरते. इकडे रस्त्यावर कित्येक महिन्यांचें तेल व धूळ सांचलेली असते. पहिल्या सरींत तिचा निसरडा लेप होतो आणि पुढचे मोठे पाऊस तो धुऊन नेईपर्यंत टिकतो. म्हणजे सुटीवरून आलेली बस आणि वर्षांतील अतिशय निसरडा रस्ता यांची गांठ नेमकी एकाच आठवड्यांत पडते!

येथें थोडें ढोबळ गणित पाहूं. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत ११ मीटर पुढें जाते. धोका दिसून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढें अंतर सहज जातें. त्यानंतर गाडी थांबण्यास चांगल्या कोरड्या रस्त्यावर सुमारें ९ मीटर, ओल्यावर सुमारें १६, आणि बर्फाळ रस्त्यावर ६० मीटरांहून अधिक लागतात. वेग दुप्पट झाला कीं हें ब्रेकचें अंतर चौपट होतें. टायर गुळगुळीत असेल तर ओल्या रस्त्यावर परिस्थिति आणखी बिघडते.

महाराष्ट्र सरकारनें २०११ सालीं शाळेच्या बसविषयीं स्वतंत्र नियम केले. त्यांत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखालीं प्रत्येक शाळेची परिवहन समिति असावी असें आहे, आणि पालकांचा प्रतिनिधि तिच्यांत बसतो. त्या प्रतिनिधीनें शाळा उघडण्यापूर्वींच विचारावें: टायरांच्या खांचा पुरेशा खोल आहेत ना? वायपर नवे घातले ना? कांचेवरील वाफ पुसण्याची सोय काय? पाण्यांतून गेल्यावर ब्रेक हळूहळू दाबून कोरडे करावे, हें चालकास ठाऊक आहे ना? रिक्षा वा व्हॅनमधून मूल जात असेल, तर हेच प्रश्न घरांतील वडील मंडळींनीं काकांना विचारावेत. त्यांत अपमान कांहीं नाहीं.

परंतु सर्व कांहीं यंत्रावर ढकलूं नये. एका दारांत वेणी राहिली म्हणून दोन मिनिटें, दुसऱ्या दारांत डबा राहिला म्हणून तीन; हा सारा उशीर भरून काढण्याचें काम शेवटीं चालकाच्या पायाकडे येतें. आणि शाळा गांठायचीच म्हणून तो ओढ्याच्या वाहत्या पाण्यांत गाडी घालतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबिल ओढ्यानें काय केलें, हें पुणेकर विसरलेले नाहींत. दोन फूट वाहतें पाणी बहुतेक गाड्यांना ओढून नेण्यास पुरेसें असतें. २५ जुलै २०२४ रोजीं सिंहगड रस्त्यावरील वस्तींत पाणी शिरलें, तेव्हां शाळांना सुटी जाहीर झाली. परंतु प्रत्येक वेळीं असा हुकूम वेळेवर येईलच असें नाहीं.

म्हणून आमची सूचना एवढीच, कीं पावसाळ्यांत मुलांनीं दहा मिनिटें आधीं तयार असावें, मुसळधार पावसांत मूल पाठवावयाचें कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार घरांतील एका जाणत्या माणसाकडे असावा, आणि चालकास आपण होऊन सांगावें: "काका, अर्धा तास उशीर झाला तरी आम्ही कांहीं म्हणणार नाहीं, पाणी दिसलें तर गाडी थांबवा." हें वाक्य आपल्या तोंडून त्यानें शाळा उघडण्यापूर्वींच ऐकलेलें असलें पाहिजे, पाणी समोर आल्यावर तें सांगण्यास वेळ मिळत नाहीं.