कॉलेजची फी सोडतीवर सोडू नका

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या पोरांना शिकवायला सरकारकडे पैसा नसेल, तर राज्य लॉटरीचा नफा शिष्यवृत्तीकडे वळवा आणि चांगले गुण मिळवणाऱ्यांची फी त्यातून भरा, असा युक्तिवाद कानावर येतो. त्यामागचा हेतू चांगला असला, तरी उपाय घातक आहे.

या मताचा मोठा आधार म्हणजे अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य. तिथे १९९३ पासून लॉटरीच्या पैशातून 'होप' शिष्यवृत्ती दिली जाते. तिच्यामुळे असंख्य मुलं शिकली, हे मान्य. पण पुढचा इतिहासही वाचावा. आरंभी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ६६ हजार डॉलर होती. ती एक लाखावर नेली आणि १९९५ मध्ये काढूनच टाकली. गुणांची अट तेवढी उरली. उलट गरीब विद्यार्थ्याला केंद्र सरकारचं 'पेल' अनुदान मिळत असेल, तर ते 'होप'मधून वजा व्हायचं. ही वजावट २००० पर्यंत चालली. तिकिटांवरचा खर्च गरिबांच्या कमाईला जास्त जाचतो आणि लाभ मात्र सुस्थितीतल्या घरांकडे जास्त जातो, असा त्याचा परिणाम. पुढे लॉटरीचा पैसा पुरेना, तेव्हा २०११ मध्ये संपूर्ण फी फक्त अगदी वरच्या गुणांच्या मुलांपुरती ठेवली गेली.

हेच गोंदियात झालं तर? तिकीट घेणार रोवणीला जाणारा आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारा मजूर. गुणांच्या यादीत वर येणार शहरात शिकवणी लावू शकणारी मुलं. बापाच्या मजुरीतून दुसऱ्याच्या लेकराची फी भरणारी ही योजना मला अन्यायाची वाटते. शिवाय महाराष्ट्राची लॉटरी १९६९ पासून आहे. शिष्यवृत्ती तिला एकदा जोडली, की अर्थसंकल्पातली तरतूद हळूहळू आखडती घ्यायला सरकारला आयतं निमित्त मिळेल.

आणि पैसा नाही, हे तरी कुठे खरं? जुलै २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क पूर्ण माफ केलं. त्यासाठी सोडत काढावी लागली नाही. मात्र अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची अडीच लाखांची मर्यादा २०१३ मध्ये ठरली आणि वर्षानुवर्षं तिथेच अडकली. या काळात मजुरी वाढली, महागाई वाढली.

खरी अडचण वेगळीच आहे. मुलगी सेतू केंद्रातून उत्पन्नाचा दाखला काढते, जात पडताळणीसाठी आजोबांच्या जुन्या नोंदी शोधते, महाडीबीटीवर फॉर्म भरते. मग तो कॉलेजच्या लॉगिनवर पडून राहतो, किंवा बँक खातं आधारशी जोडलेलं नाही म्हणून रक्कम अडते. वर्ष सरतं, परीक्षा होते, खोलीचं भाडं आणि खानावळीचं बिल मात्र दर महिन्याला द्यावंच लागतं. धान विकल्याचे पैसे हाती आलेले नसतील, तर ते बाप सावकाराकडून आणतो.

म्हणून पात्रता गरजेवर ठरवा. उत्पन्नाची मर्यादा दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवा. दाखला एकदा दिला की पूर्ण अभ्यासक्रमाला चालू द्या. निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता दिवाळीपूर्वी खात्यात टाका. आणि हे सगळं अर्थसंकल्पातून करा. गोंदियाच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात एवढी मागणी लावून धरावी.