स्वभावाचा हवाला

मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत यांनी १९३३ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेशासाठी अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी अर्ज फेटाळला. कमलाबाई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि कारण विचारलं. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरलं जाणार नाही, रामन यांची खात्री पटली तरच कामाला मान्यता मिळेल, आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभरात रामन यांचं मत बदललं आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

या हकिगतीची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, तेही याच संस्थेत शिकलेले. प्रयोगशाळा हे मुलीच्या जातीचं ठिकाण नव्हे, असं त्या घरात कुणी शिकवलं नाही. त्याच घरातल्या दुर्गा भागवत मात्र लोकसाहित्याकडे वळल्या. दोघी सख्ख्या बहिणी, पण कल निराळे. उपजत ओढ असते, हे नाकारण्याचं कारणच नाही. आवडीनिवडींत स्त्री-पुरुषांच्या सरासरीत काही फरक निसर्गतः असतीलही, आणि त्यावर प्रामाणिक संशोधन व्हायला हवं. आक्षेप आहे तो दार बंद ठेवून आत कुणी येत नाही म्हणणाऱ्यांवर.

हा युक्तिवाद जुना आहे. १८७३ साली बोस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी पुस्तक लिहून बजावलं की मुलग्यांसारखा अभ्यास केला तर मुलींची प्रजननक्षमता ढासळेल. त्याच देशात १८८६ साली आनंदीबाई जोशी एम.डी. झाल्या. पुढे डॉक्टर मुली घरोघरी दिसू लागल्या, तेव्हा बाईचा स्वभाव मुळात सेवेचा, म्हणून वैद्यकी तिला शोभते, असं तीच मंडळी म्हणू लागली. ज्या स्वभावाने कालपर्यंत दार अडवलं होतं, त्यानेच आज ते उघडलं. हे कुठलं शास्त्र?

संगणकाचा इतिहास तर याहून बोलका आहे. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या ‘एनिॲक’ या अवाढव्य यंत्राचे पहिले प्रोग्रॅम सहा स्त्रियांनी लिहिले. यंत्र बांधणं हे पुरुषाचं काम. केबली जोडून, स्विच लावून त्याला गणित सोडवायला लावणं हे किरकोळ, म्हणजे बाईचं काम, अशी तेव्हाची समजूत होती. १९८० च्या दशकाच्या मध्याला तिथल्या संगणकशास्त्राच्या पदव्यांपैकी सुमारे ३७ टक्के स्त्रिया घेत होत्या. त्यानंतर हा आकडा कोसळत २० टक्क्यांच्याही खाली गेला. पंचवीसेक वर्षांत बायकांचा मेंदू बदलला नव्हता. बदललं होतं ते घर: पीसी मुलग्यांचं खेळणं म्हणून विकला गेला आणि मुलाच्या खोलीत जाऊन बसला. कॉलेजात पोहोचेपर्यंत मुलगा चार वर्षं पुढे, आणि ती पिछाडी मुलीच्या नावावर नावड म्हणून नोंदली गेली. कार्नेगी मेलन विद्यापीठाने हे ओळखलं. प्रवेशासाठी प्रोग्रॅमिंगच्या पूर्वानुभवाला दिलं जाणारं वजन कमी केलं, सुरुवातीचे वर्ग अनुभवाप्रमाणे वेगळे केले. १९९५ मध्ये तिथे या शाखेत प्रवेश घेणाऱ्यांत मुली ७ टक्के होत्या, २००० मध्ये ४२ टक्के. पाच वर्षांत निसर्ग इतका पालटत नाही.

आपल्याकडे तीच संगणक शाखा मुलींची सोयीची मानली जाते, कारण काम एसीत, खुर्चीवर बसून. मेकॅनिकलचं नाव काढलं की घरात चर्चा सुरू होते. आयटीआयमध्ये तर शिवणकाम आणि ब्यूटी पार्लरकडे मुली, फिटर-टर्नर-वेल्डरकडे मुलगे, ही वाटणी अजून फारशी हललेली नाही. समुपदेशक मुलीला आवड विचारतात आणि ती शिवणकाम सांगते. दहावीपर्यंत तिच्या हाती सुई आली, पाना एकदाही आला नाही. शाळेतच आठवीपासून प्रत्येक मुलीला लेथवर आणि प्रत्येक मुलाला शिलाई मशीनवर वर्षभर काम करू द्यावं, आणि आवडीचा प्रश्न त्यानंतर विचारावा. एवढं करणं सरकारच्या आवाक्यात आहे.