पाहिलेल्यांनाच विचारा

९ मार्च १९६५. अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर मार्टिन ल्यूथर किंग यांच्यामागून चालणाऱ्यांत पंचवीस वर्षांचे हेन्री हॅम्प्टन होते. किशोरवयातल्या पोलिओने त्यांचा पाय अधू केला होता. दोनच दिवसांपूर्वी याच पुलावर पोलिसांनी कृष्णवर्णीय मोर्चेकऱ्यांची डोकी फोडली होती. हे सगळे पडद्यावर यायला हवे, असे हॅम्प्टन यांच्या मनाने तिथेच घेतले. ते यायला बावीस वर्षे लागली.

१९६८मध्ये त्यांनी बॉस्टनमध्ये 'ब्लॅकसाइड' ही निर्मितीसंस्था काढली. नागरी हक्क चळवळीवरच्या मालिकेचा पहिला प्रयत्न फसला. तरी त्यांनी ती कल्पना सोडली नाही. १९८७मध्ये 'आइज ऑन द प्राइझ'चे सहा भाग अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर आले, १९९०मध्ये आणखी आठ. त्यांच्या कामाची थोरवी मला एका नियमात दिसते. चित्रीकरणाआधी त्यांनी इतिहासकारांना बोलावून आपल्या चमूची चक्क शाळा घेतली. पण पडद्यावर बोलायचे ते मात्र जो प्रसंगाला हजर होता त्यानेच. म्हणून तिथे बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स बोलतात, आणि वर्णभेदाचा झेंडा मिरवणारे गव्हर्नर जॉर्ज वॉलेसही बोलतात. सोसणाऱ्याला स्वतःच्या दुःखाचा अर्थ सांगायला मधला माणूस लागत नाही, हा विश्वास त्या नियमामागे होता.

आणि हीच मालिका पुढे कुलपात गेली. जुन्या बातमीफिती, छायाचित्रे, गाणी यांच्या वापराचे हक्क ठरावीक मुदतीपुरतेच परवडले होते. नव्वदच्या दशकात मुदती संपल्या आणि मालिका दाखवणे बंद झाले. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्या नातवंडांना ती पाहता येईना, कारण त्या लाठ्यांचे चित्रण दुसऱ्याच्या मालकीचे होते! हॅम्प्टन १९९८मध्ये गेले. देणग्यांतून हक्क पुन्हा विकत घेतल्यावर, २००६पासून मालिका परत दिसू लागली. त्यांचा सारा संग्रह मात्र त्यांच्याच सेंट लुइस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने सांभाळला. मालिकेत दोन मिनिटे दिसणारा माणूस मूळ मुलाखतीत किती बोलला, हे आज कुणालाही वाचता येते. मालिकेइतकेच मोल मी या न कापलेल्या मुलाखतींना देतो.

मालिकेच्या दुसऱ्या पर्वात कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचे लोक आहेत. त्यांच्यावरून नाव घेऊन १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी नामदेव ढसाळ २०१४मध्ये गेले, राजा ढाले २०१९मध्ये. नेत्यांची पुस्तके आहेत, लेख आहेत. पण जानेवारी १९७४मध्ये पँथरच्या सभेनंतर वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली, तेव्हा जिन्यावर, गच्चीवर, दाराआड जे होते त्यांचे काय? त्या वेळी विशीत असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत. आपल्या विद्यापीठांनी कॅमेरा घेऊन याच वर्षी त्यांच्याकडे जावे. मुलाखती पूर्ण घ्याव्यात, न कापता ठेवाव्यात, आणि त्यांचे हक्क पहिल्या दिवसापासून लोकांसाठी खुले असावेत.