जुन्या जर्मन हुद्द्यांचें इंग्रजी भाषांतर

जर्मनीचा इतिहास आमच्या विद्यार्थ्यांस बहुधा इंग्रजी ग्रंथांच्या द्वारेंच वाचावा लागतो. जर्मन कागदपत्रांतील अधिकाऱ्यांचीं, मुलुखांचीं व हुकुमांचीं नांवें इंग्रजींत आणितांना इंग्लंड-अमेरिकेंतील जवळचा शब्द उचलून मोकळें होण्याची अनेक लेखकांची वहिवाट आहे. ती आम्हांस घातक वाटते. कारण हुद्द्याचें नांव बदललें म्हणजे वाचकाच्या मनांत तो हुद्दाच बदलतो, आणि त्यास त्याचा पत्ताही लागत नाहीं.

'क्राइस' हा शब्द घ्या. त्याचा मूळ अर्थ वर्तुळ. इ. स. १५१२ मध्यें पवित्र रोमन साम्राज्याचे जे दहा विभाग झाले त्यांस क्राइस म्हणत, व एकेका विभागांत अनेक संस्थानें मोडत. १८१५ नंतरच्या प्रशियांतही क्राइस आहेच. पण तो प्रांताचा एक लहानसा पोटभाग. इंग्रजी लेखक पहिल्यास 'सर्कल' म्हणतात, दुसऱ्यास कोणी 'डिस्ट्रिक्ट' तर कोणी 'कौंटी' म्हणतात. एका शब्दास अनेक शब्द आले ह्याबद्दल आमची तक्रार नाहीं. मूळ वस्तूच दोन आहेत. तक्रार आहे ती तेथील अधिकाऱ्याविषयीं. प्रशियन क्राइसचा मुख्य जो लांड्राट, त्याची नेमणूक राजा करी. आणि पूर्वेकडील प्रांतांत तो पुष्कळदां तेथल्याच जमीनदारवर्गांतून येई. म्हणजे सरकारचा हुकूम व जमीनदारांचें हित हीं दोन्हीं एकाच माणसाच्या हातीं. त्यास 'कौंटी कमिशनर' म्हटलें कीं अमेरिकेंतील लोकांनीं निवडून दिलेला गृहस्थ डोळ्यांपुढें उभा राहतो. आजच्या जर्मनींतही लांड्राट आहेत, परंतु त्यांस लोक किंवा लोकांनीं निवडलेलें मंडळ निवडतें. दोन्ही काळांवर एकच इंग्रजी शब्द पांघरला, तर मध्यंतरीं काय पालटलें तें विद्यार्थ्यानें ओळखावें कसें ?

'राइख' शब्दाची गोष्ट तर गमतीची आहे. कोशांत त्याचा अर्थ 'एंपायर'. १८७१ पासून १९१८ पर्यंत गादीवर कैसर होता, तोंवर तो अर्थ चालला. पुढें कैसर गेला, १९१९ ची राज्यघटना झाली, आणि तिच्या पहिल्याच कलमानें राइख हें प्रजासत्ताक ठरविलें ! कोश उघडून भाषांतर करणारा येथें 'साम्राज्य हें प्रजासत्ताक आहे' असें लिहून बसेल. शहाणे लेखक राइख शब्द तसाच ठेवितात.

परकी शब्दांच्या भरण्यानें वाचक कंटाळेल, असें कोणी म्हणतील. पण मुंबई इलाख्याच्या जुन्या इंग्रजी ग्यॅझेटियरांत पाटील, कुळकर्णी हे शब्द तसेच राहिले आहेत, व त्यामुळें इंग्रज वाचकांचें कांहीं अडलें नाहीं. एकदां अर्थ सांगितला कीं झालें.

तथापि शब्द तसाच ठेवणें हा सर्व ठिकाणचा उपाय नव्हे. हिटलरच्या राजवटींत 'शुट्सहाफ्ट' म्हणून एक सरकारी शब्द होता. त्याचा अक्षरार्थ संरक्षणार्थ कैद. जणूं कैद्यासच कोणापासून वांचवावयाचें आहे ! २८ फेब्रुवारी १९३३ च्या वटहुकुमाच्या आधारावर माणसास न्यायालयापुढें न नेतां, मुदतीवांचून, छळछावणींत कोंडण्याचें हें नांव. मार्टिन नीमलर ह्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांस १९३७ च्या जुलैंत पकडलें. १९३८ च्या मार्चांत न्यायालयानें दिलेली शिक्षा त्यांनीं निकालापूर्वींच तुरुंगांत भोगलेली होती. तरी गुप्त पोलिसांनीं त्यांस लागलीच साक्सनहाउझनच्या छावणींत नेलें, आणि १९४५ पर्यंत ते बंदिवासांत राहिले. अशा ठिकाणीं नुसतें 'प्रोटेक्टिव्ह कस्टडी' छापणें म्हणजे हिटलरच्या कारकुनाच्या लबाडीची स्वच्छ अक्षरांत नक्कल करणें होय. उलट, सरळ 'अन्यायाची कैद' असें लिहिलें तर त्या सरकारनें जुलुमास कायद्याचा पोशाख कसा चढविला, तें झांकलें जातें. म्हणून आमचें मत असें कीं, येथें अक्षरार्थ द्यावा, व त्या शब्दाखालीं माणसांचें काय केलें गेलें तें त्याच वाक्यांत सांगावें; तळटीपेंत नव्हे. तळटीपा मुलें वाचीत नाहींत, हें पालकांस आम्हीं सांगावयास नकोच.