आठाचा आकडा आणि गंजलेले बोल्ट

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. ही तारीख अंकशास्त्र मानणाऱ्या कोणाहीपुढे ठेवा. २ आणि ६ मिळून ८. महिना आठवा. २०२४ ची बेरीज पुन्हा ८. तीन वेळा आठ, आणि आठ म्हणजे शनीचा अंक! मेळ अंगावर काटा आणणारा आहे आणि बेरजेत कुठेही खोट नाही. म्हणूनच त्याचा समाचार नीट घ्यायला हवा. अशाच बेरजांवर आणि ग्रहांच्या युत्यांवर राज्ये कधी बुडतील, युद्धे कधी पेटतील, देशाला कोणत्या वर्षी कलाटणी मिळेल हे सांगणारे पुष्कळ आहेत, आणि ऐकणारे त्याहून अधिक.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. ग्रहणे शेकडो वर्षे आधी वर्तवता येतात. भरती-ओहोटी चंद्रावर चालते. मग माणसांच्या राज्यांचे चढउतारही आकाशाशी बांधलेले का नसावेत? गुरू आणि शनी यांची युती सुमारे वीस वर्षांनी होते. नवव्या शतकात अबू माशर या ज्योतिष्याने तिच्यावर राजघराण्यांच्या उदयास्ताचे शास्त्र उभे केले. आपल्याकडे साठ संवत्सरांचे चक्र आहे, प्रत्येक संवत्सराचे फळ आहे. ही माणसे अडाणी नव्हती. त्यांचे ग्रहगणित त्या काळी उत्तम होते. इतिहासात लय असते, ही त्यांची जाणीवही पोकळ म्हणता येणार नाही.

आता परीक्षा. सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची. सगळे आकडे मिळवा, २६ होतात, म्हणजे पुन्हा आठ. हा आठाचा किल्ला राजकोटच्या समोर, कुरटे बेटावर, साडेतीनशेहून अधिक पावसाळे अंगावर घेत उभा आहे. १५ ऑगस्ट १९४७ ची बेरीज ३५, म्हणजे तीही आठच. प्रजासत्ताकाच्या २६ जानेवारीचा मूलांक, म्हणजे नुसत्या दिवसाची बेरीज, आठ. उलट पुतळा पडला त्या पूर्ण तारखेचा भाग्यांक काढला तर २४, म्हणजे सहा येतो, आणि सहा हा शुक्राचा, वैभवाचा अंक. मूलांक धरला तर शनी, भाग्यांक धरला तर शुक्र. कोणता धरायचा हे घटना घडून गेल्यावर ठरते. शिवाय २५ नोव्हेंबर ही जुन्या ज्युलियन गणनेतली तारीख आहे. आजच्या ग्रेगरियन गणनेने तो दिवस ५ डिसेंबर १६६४ येतो आणि त्याची बेरीज सात होते. दिवस तोच, समुद्र तोच, पायाचा दगड तोच. रोममध्ये १५८२ साली झालेल्या पंचांगसुधारणेने मालवणच्या किल्ल्याचा अधिपती ग्रह बदलतो, असे मानायचे काय?

युतीचीही तीच कथा आहे, फक्त ती अधिक भारदस्त वेषात येते. युती १६६३ ला झाली, सिंधुदुर्गाचा पाया १६६४ ला. युती १७६२ ला, पानिपत १७६१ ला. युती १८२१ ला, पेशवाईचा अस्त १८१८ ला. ऐकणारा थक्क होतो. पण इथे आगेमागे तीन वर्षांची सवलत गुपचूप घेतलेली आहे. एका युतीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन वर्षे आणि युतीचे स्वतःचे एक, अशी सात वर्षे वीसांतून आधीच तुमच्या पदरात पडतात. म्हणजे डोळे मिटून कुठल्याही घटना उचलल्या तरी तिसरा हिस्सा युतीवर बसणारच. आणि जे बसत नाही ते कोणी सांगत नाही. महाराजांचा जन्म १६३० चा, युती १६२३ ची. राज्याभिषेक १६७४ चा, म्हणजे दोन युत्यांच्या मधोमध. सत्तावन्नचे बंड बसत नाही, स्वातंत्र्य बसत नाही. मराठ्यांच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस ज्या शास्त्राच्या जाळ्यातून निसटतो, त्या शास्त्राला इतिहासाचे शास्त्र म्हणवत नाही. मग जाळे लहान पडले की त्याला ग्रहणे जोडतात, धूमकेतू जोडतात, वक्री शनी जोडतो, आणि शेवटी असे एकही वर्ष उरत नाही की ज्याला आकाशात काही कारण सापडणार नाही. ज्यातून सगळेच सिद्ध होते, त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

प्लासीची लढाई २३ जून १७५७ ची. कंपनीचे राज्य शंभर वर्षांत संपेल, अशी वदंता १८५७ साली उत्तरेत पसरली होती. कंपनीचे राज्य १८५८ ला खरोखर गेलेही. म्हणून भाकीत खरे ठरले, असे आजही सांगतात. पण ज्यांनी त्या आकड्यावर भरवसा ठेवला त्यांना परके राज्य जायला हवे होते. ते राणीच्या नावाने आणखी नव्वद वर्षे राहिले.

राज्याभिषेकाचे उदाहरण तर घरचेच आहे. ६ जून १६७४ चा मुहूर्त त्या काळच्या मोठ्या विद्वानांनी काढलेला. अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाऊसाहेब गेल्या. मग निश्चलपुरी गोसावी यांनी पहिल्या विधीत दोष राहिल्याचे सांगितले आणि २४ सप्टेंबरला तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक झाला. या पद्धतीत शास्त्र कधीच हरत नाही, शास्त्री तेवढा बदलतो.

फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही आठवणारे वाचक अजून असतील. मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले, देशभर यज्ञ झाले, जगबुडीच्या धास्तीने माणसे हवालदिल झाली. काही झाले नाही. ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले तेव्हा तेच भाकीत झाडून पुसून पुन्हा बाहेर काढले गेले. आणि अष्टग्रहीच्या आधीच पुणे वाहून नेणारा १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर? काम पुरे न झालेल्या धरणात पाणी साठवले, हे त्याचे कारण होते.

जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात केलेली चाचणी इथे सांगायलाच हवी. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका घेऊन प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या चाळीस दिल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच सांगायचे होते. २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी यश ४६ टक्के. नाणे उडवून ५० टक्के मिळाले असते. एका मुलाबद्दल जिथे ही गत, तिथे कोट्यवधी माणसांच्या देशाचे वळण कुंडलीतून कसे दिसणार?

याचा अर्थ आकाशाचे गणित टाकाऊ आहे असा नाही, आणि या लेखाचा खरा पक्ष इथून सुरू होतो. कोकणाने हे गणित जिवापाड सांभाळले आहे. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या पंचांगे निघाली. मुरुडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहून या विद्येचा इतिहास उभा केला. इतिहासाला या गणिताने जे दिले ते भविष्याने कधीच दिले नाही. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदी, टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली, तोवर महाराजांचा जन्म १६२७ चा मानत असत. शकावलीत नोंद आहे शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. गणित मांडले की १९ फेब्रुवारी १६३० ला तिथीही जुळते आणि वारही. मागाहून रचलेल्या तारखेला हे दोन्ही साधणे अवघड. पुढे जोधपूरच्या संग्रहात मिळालेल्या पत्रिकेने याला दुजोरा दिला. पत्रिकेचा हा उपयोग पाहा. तिने महाराजांचे भाग्य सांगितले नाही, तिने त्यांचा जन्मदिवस शाबीत केला. आणि १६२७ चे ग्रह धरून जर कोणी महाराजांच्या पराक्रमाची कारणे सांगत असेल, तर तो चुकीच्या आकाशातून बरोबर इतिहास काढत होता.

विजयदुर्गावर ग्रहण पाहण्यासाठीचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण या किनाऱ्यावरून जाणार हे आधीच गणिताने ठाऊक होते आणि त्यासाठी युरोपातून माणसे भारतात आली. भाकीत असे असते: जागा, दिवस आणि वेळ आधी जाहीर, मग आकाशाकडे बोट. (लॉकियर यांनी हेलियम विजयदुर्गावरून शोधला, हे मात्र खरे नाही. जान्सेन यांनी ते ग्रहण गुंटूरहून पाहिले आणि लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची रेषा ऑक्टोबरात इंग्लंडमधून पाहिली. आपल्या गावाचा अभिमानही पुराव्यानेच धरावा.)

मालवणच्या खारव्याला आणि गाबिताला तिथीचे गणित तोंडपाठ असते. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला सव्वाअकराच्या आसपास. अवसे-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग. आकडाही आहे, चंद्रही आहे; पण इथे कारण आहे, आणि चूक झाली तर होडी रेतीत रुतून लगेच सांगते. मुहूर्ताशीही माझे भांडण नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस पंचांग ठरवत नाही, कौल घेऊन ठरतो, आणि तो ठरला की मुंबईचा चाकरमानी गाडीचे तिकीट काढतो. दिवस ठरवणे ही माणसांना एकत्र आणण्याची रीत आहे. सिंधुदुर्गाचा पाया घालतानाही मोरयाच्या धोंड्यावर पूजा झाली. पण किल्ला टिकला तो भोवतालच्या पाण्याखालच्या खडकांनी, पायात ओतलेल्या शिशाने आणि हिरोजी इंदुलकरांसारख्यांच्या देखरेखीने.

आता राजकोटचे भाकीत कोणी केले होते ते ऐका. सार्वजनिक बांधकाम विभागाने २० ऑगस्ट २०२४ रोजी पुतळ्याचे काम पाहणाऱ्या नौदलाला पत्र लिहिले होते. पाऊस आणि खारा वारा यांमुळे पुतळ्याचे नट-बोल्ट गंजत आहेत, असे त्यात होते. सहा दिवसांनी पुतळा पडला. भाकीत खरे ठरले, कारण ते लोखंड पाहून केले होते. आठाच्या आकड्याला दोषी धरले की पत्र लिहिणारा, पत्र वाचणारा, जोडकाम करणारा आणि ते तपासणारा, सगळे एका फटक्यात सुटतात. माझा राग आकड्यांवर नाही, या सुटकेवर आहे. पानशेतच्या वेळी असे झाले नाही, लोकांनी चौकशी मागितली. आज तारखांच्या बेरजा फोनवरून पाच मिनिटांत गावभर होतात आणि देखभालीची वही मागायला कोणी जात नाही.

इतिहासाच्या कलाटण्या आकड्यांतून दिसतात असे ज्यांना मनापासून वाटते त्यांना माझी एक विनंती आहे. येत्या दहा वर्षांतल्या पाच घटना लिहा: काय, कुठे, कोणत्या महिन्यात. आगेमागे किती सवलत घेणार तेही आधीच लिहा. कागद मोहोरबंद करून मालवणच्या वाचनालयात ठेवा. मुदत संपली की पाकीट चार लोकांसमोर फोडू. पाचांतल्या चार खऱ्या निघाल्या तर हा लेख मी जाहीरपणे मागे घेईन.