बाटलीचा रंग नको, टक्का पाहा

“डॉक्टर, मुतखड्यासाठी बिअर घेतली तर चालेल ना?” हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर येतो. विचारणाऱ्याच्या लेखी बिअर ही दारू नसतेच!

स्कॉटलंडमध्ये ट्रॅक्वेअर हाऊसची काळी एल मी चाखून पाहिली. एल हा बिअरचाच एक प्रकार. जुन्या वाड्यातली ही छोटी भट्टी १९६५ साली पुन्हा सुरू झाली. एल आजही ओकच्या पिंपांत आंबवतात. चव गोडसर, खरपूस, शेवटी किंचित कडवट. काळा रंग भाजलेल्या धान्याचा. त्यावरून कडकपणा ठरत नाही. तो लेबलावर होता : ७.२ टक्के. ३३० मिलीच्या बाटलीत सुमारे २४ मिली निव्वळ अल्कोहोल, म्हणजे व्हिस्कीचे जवळजवळ दोन छोटे पेग. मी अर्ध्या ग्लासावर थांबलो.

आता आपल्याकडची ‘स्ट्राँग’ बाटली घ्या. ६५० मिली आणि ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल. हिशेब चार छोट्या पेगांचा होतो! बिअरने लघवी जास्त होते, खडा विरघळत नाही. उलट अंगातले पाणी घटते, यूरिक ॲसिड वाढते. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपाशीपोटी साखर एकदम उतरण्याचा धोका वेगळाच.

दारूचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा घेणाऱ्यांनी निदान टक्का वाचावा. न घेणाऱ्यांनी खड्याच्या निमित्ताने सुरुवात करू नये. त्यासाठी भरपूर पाणी प्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.